सात नंबरचं पिंप

जग भरायचं काम माझं. तेवढंच.
पडद्याआड पिंपं आडवी, लाकडी घोड्यांवर,
ओल्या गोणपाटाखाली परवापासून निवळत पडलेली.
त्यांना टेकायचं नाही, व्हिकारबाईंनीसुद्धा.
आत यीस्ट अजून जागं आहे,
धक्का लागला की साका उठतो
आणि दोन दिवसांची शांतता एका कोपरानं गढूळ होते.

पूर्वी चॅपल होतं हे.
दारू सोडल्याच्या शपथा इथेच घ्यायचे लोक.
भिंतीवर नावांची पाटी आहे अजून,
त्यात माझे दोन पणजोबा. एकाचं नाव दोनदा.

खिडकीशी परीक्षक चौघं.
कोरडी बिस्किटं, पाणी, टोक केलेल्या पेन्सिली.
जगवर नाव नाही, नुसता आकडा.
अ‍ॅम्ब्रोज क्लेग ग्लास उजेडात धरतो,
पलीकडचा डोंगर त्यातून तांबूस दिसला तर मान हलवतो.
तीस वर्षं त्याची मान हलली की बाकीच्या पेन्सिली हलतात.
वाइनवाले थुंकतात, तो नव्या मुलांना सांगायचा,
एल गिळावी लागते.
कडूपणा घशाच्या मुळाशी राहतो,
त्याला घरपोच जाऊ द्या.

मला एक गोष्ट माहीत होती, जी त्यांना नव्हती.
गेल्या महिन्यात माझ्याकडे दूध करपलं,
घरभर धूर, आणि हा चुलीशेजारी
शब्दकोडं सोडवत बसलेला, सात आडवा.

सात नंबरच्या तोटीशी मला वास आला होता.
मी बोलले नाही.
जग भरला, नेऊन ठेवला.
त्यानं ग्लास उजेडात धरला. लख्ख.
नाकाशी नेला आणि फार वेळ तिथंच ठेवला,
एखाद्या बंद दारापाशी उभं राहावं तसा.
टॅम्झिन त्याच्या तोंडाकडे बघत होती, पेन्सिल उचलून.

"तू सांग आधी," तो म्हणाला.
ती गोंधळली. "व्हिनेगर? अगदी काठावर.
की माझंच चुकतंय?"

त्यानं घोट घेतला. गिळला.
"आंबट आहे, ते जिभेला कळतंय.
पण हिरव्या सफरचंदाचं आंबट की व्हिनेगरचं,
ते नाकाचं काम.
दोन हिवाळे झाले, माझं नाक कामावर येत नाही."
आणि पेन्सिल ठेवली. ती घरंगळत
बिस्किटांच्या बशीशी जाऊन थांबली.

कुणीच काही बोललं नाही.
हॉलच्या हीटरनं दोनदा खोकून घेतलं.
मग टॅम्झिननं लिहिलं: व्हिनेगर.
खोडलं नाही.

संध्याकाळी त्यानं चार नंबर मागितली, पूर्ण पाइंट,
माझ्याजवळ येऊन बसला. "कशी आहे?"
मी आयुष्यात फक्त जग भरलेत.
म्हटलं, भाजलेल्या पावाची कड.
मग... ओलं गवत?
"गवत काय म्हणतेस! केंटचे हॉप्स ते,
ऑगस्टात तोडलेले."
म्हणजे अजून होतं त्याच्याकडे, कुठेतरी मागे ठेवलेलं.

सात नंबर आम्ही मागच्या मोरीत ओतलं.
पिंप तिरपं धरायला तोच पुढे आला.
बाकी सगळ्यांनी नाकं धरली होती.