काटा

चौकशीचे साहेब ढगांबद्दलच विचारत राहिले.
खिंड किती वाजता मिटते, वारा कुठून उतरतो,
रॉस रात्री नीट झोपला होता का.
म्हटलं, दुपारी एकनंतर खिंड मिटते,
हे आमच्या पापुआच्या डोंगरात
शेंबडं पोरही सांगेल.
त्यांनी लिहून घेतलं.

काट्याबद्दल कुणी विचारलं नाही.

तो तिथंच होता त्यांच्या डोक्यावर,
शेडच्या तुळईला टांगलेला. कॉफीची पोती तोलायचा.
आकड्याला फळी अडकवून त्यावरच माणसं बसवतो आम्ही.
म्हातारी ओमेना पाय वर घेईना,
"मला डुक्कर समजलास का रे?" आणि बोळकं उघडून हसली.
एकेचाळीस.
केतावो, त्याची बायको, तिच्या मांडीवर तान्हं : एकशे आठ.
यासिपा मास्तर, रताळ्यांच्या पिशवीसकट, एकसष्ट.
पाच पोती, दोनशे सत्तर.
चारशे ऐंशी.
रॉसनं वही पाहिली, अंगठा वर केला,
माझ्या पोरासाठी खिशातून बिस्किटं काढली.

बेरजेत माझी चूक कधीच होत नाही.

सहा वर्षांपूर्वी व्यापाऱ्यानं एक जाड स्प्रिंग आणली,
कागदात गुंडाळलेली, तेल लावलेली.
मीच बसवली.
दहाला नऊ दाखवते.
वर पोत्यामागे दोन किना माझे.
पाठीवर पोती वाहून आणणाऱ्यांना कळत होतं,
पण पाठीचं कोण ऐकतो? काटा सांगेल ते खरं.

माणसांनाही तोच लागू होतो,
हे माझ्या ध्यानातच आलं नाही.
खरंच नाही आलं. की आलं होतं?

त्रेपन्न किलो.
म्हणजे वहीत नाव नसलेला
एक आख्खा माणूस
त्या दिवशी विमानात बसला होता,
आणि खिंडीपाशी रॉसनं नाक वर खेचलं तेव्हा
तो मागे रेलून बसला.

अहवालात ढग आहेत. उशीर आहे.
वैमानिकाचा निर्णय आहे.

ओमेनाला घोंगडीत बांधून
बांबूवर खाली आणलं, दोन दिवसांची उतरण.
पुढचा खांदा माझा.
एकेचाळीस नव्हती ती.

उद्या नवं विमान येणार.
पहाटेपासून शेडबाहेर पोती मांडून लोक बसलेत,
माझ्याकडे बघत नाहीत.
वर काटा रिकामा,
शून्यावर, अगदी बरोबर.