डावा कोपरा

पेपरवाले एका फोटोचे दीडशे देतात,
तेही छापून आला तर,
तेही दिवाळी उलटल्यावर.
म्हणून वैशाखात मी लग्नं घेतो. वर्षाला तीन-चार,
ओळखीतली.

वेंगुर्ल्यात बंदराच्या वरच्या अंगाला मांडव.
खाली होड्या ओढून ठेवलेल्या.
सुकत घातलेले बांगडे पाहुण्यांसाठी आत नेलेले,
वास मात्र तिथेच.
सवयीने मी आधी उजेड कुठून येतो ते बघितलं,
मग रेषा शोधली.
मैदानात ती चुन्याची असते. तिच्या बाहेर राहायचं, एवढंच.
इथे पाट, केळीचे खुंट, पंख्याच्या वायरी,
आणि मी सगळ्यांच्या मधेच.

नवरी दीपश्री गिरप.
हिला मी ओळखतो. ती मला नाही.
तीन वर्षांपूर्वी कुडाळला, जिल्हा स्पर्धेत, हॅलोजनखाली
डाव्या कोपऱ्यातून झेपावली होती
आणि चढाईवालीचा घोटा धरून
अशी रुतली मातीत, की पंचाची शिट्टी होईपर्यंत
कोण कुठे संपतं ते कळेना.
दातांत माती, डोळे सताड उघडे.
माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो.
पेपरने तो अर्ध्यात कापला,
खाली साबणाची जाहिरात होती.

नवरा देवगडचा. आंब्याच्या पेट्यांचा धंदा,
ऐन हंगामात दोन दिवस काढून आलेला,
सारखा मोबाइल बघणारा.

शेवटचं मंगलाष्टक. मुठीत अक्षता घामेजलेल्या.
भटजी म्हणाले, सावधान.
एवढा एकच शब्द त्या दिवशी माझ्या धंद्यातला.
बोट आपोआप दाबलं गेलं:
सेकंदाला अकरा.
पहिल्यात अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक,
चौथ्यात मुंडावळ्या,
सातव्यात तिचे डोळे. खाली, नवऱ्याच्या पायांकडे.
लाजली, असं सगळे म्हणतील.
मी शपथेवर सांगतो,
याचं वजन कुठल्या पायावर आहे
ते ती बघत होती.

मग हार.
"परत घाल गो, माका गावलां नाय,"
व्हिडिओवाला म्हणाला.
तिने परत घातला. तिसऱ्यांदा हसतसुद्धा घातला.
मी एवढी वर्षं मैदानाच्या कडेला बसतोय,
कुणाला परत पड असं म्हटलेलं नाही.
जे हुकलं ते हुकलं. घरी जाताना एसटीत त्याचा विचार करायचा.

जेवणाची पहिली पंगत बसली तेव्हा
सहा जणी मांडवाच्या मागे उभ्या होत्या,
आइस्क्रीमचे कप रिकामे करून.
जरीच्या साड्या, गजरे,
शाहीन मुकादमच्या साडीखाली खेळायचे बूट.
गप्पा चालल्या होत्या, कुणाच्या तरी सासूच्या.
कुणी ठरवलं नव्हतं, पण अर्धगोल झालेला.
मधल्या दोघींचे हात एकमेकींत,
साखळी धरतात तसे.
आणि डाव्या कोपऱ्यात
एका माणसाएवढी जागा मोकळी.
तिथून एक मांजर गेलं.
मी ते जाऊ दिलं, मग काढला.

महिन्याने तिचा भाऊ निवड करायला आला.
दोनशे फोटो, जांभळ्या मखमलीचा अल्बम.
भरभर पुढे जात होता. तिथे थांबला.
"ह्यात नवरी खंय आसा?"
मी बोट ठेवून जागा दाखवली.
तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला,
बाहेर त्याची रिक्षा हॉर्न देत होती.
मग म्हणाला, ह्यो नको,
आणि उरलेले चार हजार
नारळी पुनवेनंतर, होडयो भायर पडल्यार.