वलणी

ड्रायरमध्ये मी आता कांदे ठेवते.
जाळीदार ड्रम, हवा खेळती, कांदे खूश.
खिडकीतला मीटर हिरवा दिवा लावून
शाळेतल्या शहाण्या पोरासारखा बसलेला असतो.
एका फेरीला पाऊंड जायचा, जयवंत म्हणतो,
जणू इतकी वर्षं मी कपडे नाही,
नोटाच वाळवत होते.

लीड्समध्ये तेहतीस.
रेडिओ म्हणतो पाणी प्या, म्हाताऱ्यांची चौकशी करा.
मिरजेच्या पोरीला तेहतीसचं काय कौतुक,
असं मी वॉर्डात बोलले खरी,
पण मिरजेतल्या घराच्या भिंतींना
कुणी आतून गोधडी शिवलेली नव्हती.

आमच्या गल्लीतल्या घरांना परसदार नाही.
पाठीला पाठ टेकून उभी लाल विटांची रांग;
मागच्या भिंतीपलीकडे दुसऱ्याच कुणाची फोडणी.
म्हणून कपडे रस्त्यावर, सगळ्यांसमक्ष,
या भिंतीच्या हुकापासून त्या भिंतीच्या हुकापर्यंत.
अलीकडचा हुक माझा.
पलीकडचा डोरीन ॲक्रॉइडचा.
सात वर्षांत आम्ही एकमेकींना
फक्त हवामान सांगितलं होतं.

दोरी हातात घेऊन कुणाच्या दारात उभं राहणं
बरं दिसत नाही.
तरी गेले.
ती म्हणाली, सोमवारी माझ्या चादरी.
बुधवारी कचऱ्याची गाडी.
बाकी ऊन तुझं.
मग आतून काठी घेऊन आली, टोकाला बेचकी,
तिच्या सासूच्या हाताने गुळगुळीत झालेली,
दोरीला मधोमध उचलून धरायला.
मी म्हटलं, आमच्यात दोरीला वलणी म्हणतात.
तिने तीनदा म्हणून पाहिलं.
'ण'पाशी दर वेळी घसरली.

शर्ट ती शेपटाकडून टांगते, मी खांद्यांकडून.
रंगीत कपडे उलटे, यावर मात्र एकमत.
माझा परकर वाऱ्याने फुगला तेव्हा
सायकलवरचं पोर मान वाकवून खालून गेलं,
आणि डोरीन हसली, पदर नसलेल्या बाईने
तोंडाला पदर लावावा तशी.
चाळीस मिनिटांत जीन्स कडक.
गणवेश तर अर्ध्या तासात,
निळे चार, हात पसरून, कुणीतरी थांबवल्यासारखे.

रात्रपाळीहून आले की ओली चादर खिडकीला लावते.
वाळ्याच्या पडद्याची ही गरीब चुलतबहीण.
तिच्यातून येताना वारा जरा निवतो.
मी झोपते, चादर वाळते,
मीटरलाही डुलकी लागत असावी.

त्या बुधवारी विसरले.
दोरी आडवी, सगळं धुणं रस्त्यावर,
मी आत मेल्यासारखी.
हॉर्न ऐकला, पण तो स्वप्नात
कुठल्याशा बेडची घंटा होऊन वाजला.
उठून पडदा सारला तर
चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, गाऊनवर, अनवाणी,
हुकावरून दोरी सोडून
माझे ओले कपडे उराशी धरून उभी.
गाडी तिच्या पुढून हळूहळू सरकत होती.
मागे लटकलेल्या माणसाने टोपीला हात लावला.
मग तिने सगळं पुन्हा बांधलं.
तिची गाठ माझ्या गाठीपेक्षा बरी आहे.

संध्याकाळी उंबऱ्यावर घड्या.
तिच्या पद्धतीच्या, तीन पदरी.
एका ब्लाऊजचं तुटू आलेलं बटण
काळ्या दोऱ्याने शिवलेलं;
पांढरा मिळाला नसेल.
सगळ्यांना उन्हाचा वास,
गाऊनचा थोडा, लव्हेंडरचा,
माझ्या गणवेशांना.

काल आभाळ आलं. एकोणीस.
सकाळी तिने दार वाजवलं: आज आहे का काही?
माझ्याकडे धुवायला काहीच नव्हतं.
टेबलक्लॉथ भिजवला. स्वच्छच होता.
तिनेही एक उशीचा अभ्रा आणला,
इस्त्रीची घडी अजून न मोडलेला.
दोन्ही लटकत राहिले, वाळायचं मनावर न घेता.

ड्रायरमधल्या कांद्यांना कोंब आलेत.
दोन तिला नेऊन द्यायचेत.