फक्की

दव सुकायच्या आत फक्की मारली
तर रेघ ओल धरते, पसरते, बाळसं घेते.
म्हणून मी आठच्या पुढेच गाडी काढायचो.
डब्यात चुना, पुढे ताणलेली सुतळी
आणि तोंड बंद.
बोललं की रेघ वाकडी जाते.

आयोवातलं आमचं कॉलेज एवढंसं.
तिन्ही बाजूंना मका, चौथीला नदी,
आणि मधे राखेचा ट्रॅक :
बॉयलरची राख, मीच चाळून अंथरलेली.
सहा लेन.

बेचाळीसच्या मे महिन्यात चौघं रिले धावले.
ऑर्व्हिल ट्वेट, डेल्बर्ट हास, क्लेटन ब्रूक्स
आणि शेवटी लहानखुरा मिलो कुबिचेक,
ज्याची आई मेसमध्ये भाकऱ्या नाही, पाव भाजायची
आणि शर्यतीच्या वेळी पिठाच्या हातांनी
कुंपणापाशी येऊन उभी राहायची.
तीन मिनिटं बावीस सेकंद.
कोच रासमुसेननी घड्याळ दोनदा कानाशी नेलं.
जिमच्या फळीवर मी पांढऱ्या रंगाने नावं लिहिली.
कुबिचेकचा 'क' ओघळला. तसाच राहू दिला.

मग बसला टायर मिळेनात.
पेट्रोलची कुपनं. सामने रद्द.
हिवाळ्यापर्यंत वसतिगृहात
खोल्यांपेक्षा किल्ल्या जास्त.
मैदानावर नौदलाची पोरं कवायत करायची,
समुद्र हजार मैलांवर
आणि ती मक्याकडे तोंड करून सलाम ठोकायची.

मी सहा लेन आखतच होतो.
रासमुसेन म्हणाले, दोन पुरेत, चुना वाचव.
मी हो म्हटलं. सहा आखल्या.

तारवाला पोरगा शॉर्टकट घ्यायचा,
सायकल थेट ट्रॅकवरून.
त्याच्या चाकाने तुटलेली रेघ
मी निमूट पुन्हा सांधायचो.
एका मंगळवारी तो मेसच्या मागच्या दाराकडे वळला.
त्या दिवशी जेवणाला पाव नव्हता
आणि कोणी विचारलं नाही.
रेघ मी तीन दिवस तशीच ठेवली.

संध्याकाळी मुली धावायच्या.
लॉरेन शुल्ट्झ तर अशी, की राख उडायचीच नाही.
तिची वेळ कोणी घेतली नाही,
मुलींसाठी फळीही नव्हती.
मी गवत कापायचा थांबून मनात मोजायचो.
आकडा अजून माहीत आहे. सांगणार नाही.

तो विक्रम एकोणीस वर्षं टिकला.
लोक म्हणायचे, काय धावले असतील!
धावले होतेच.
पण मोडायला पोरंही हवीत ना.

सेहेचाळीसला ऑर्व्हिल परतला,
बायको, बाबागाडी, न वाकणारा गुडघा.
पत्र्याच्या झोपडीत राहून भूमितीची परीक्षा द्यायचा.
शर्यत असली की कोचकडून घड्याळ मागून घ्यायचा
आणि अंगठा दाबून धरायचा,
पोरं पोहोचली तरी सोडायचा नाही.

मग कोरिया. मग थोडी वर्षं नुसतं गवत.

सत्तरच्या मे महिन्यात
माझ्या शेडमधून चार पोती चुना गेला.
सकाळी पाहतो तर मैदानभर माणसं,
आडवी, हात पसरलेली, नुसत्या कडा.
रात्री एकेकाने झोपून घेतलं होतं,
दुसऱ्याने भोवती फक्की मारली होती.
रेघा वाकड्या.
काढताना बोलत असणार.

डेनिस हॅगेडॉर्न तिथेच बसला होता,
केस खांद्यापर्यंत, दोनशे वीस यार्डांतला आमचा उत्तम.
जन्मतारखांच्या सोडतीत त्याची तारीख लवकर निघालेली.
म्हणाला, मिस्टर नोव्होटनी, चुन्याचे पैसे देतो.
मी म्हटलं, पाण्याचा पाइप धर.
ऑफिसचा हुकूम होता, शनिवारपर्यंत साफ.

दोघांनी मिळून धुतलं.
एका खांद्याशी तो थांबला.
मीही थांबलो.
मग पाणी सोडलं.

जूनमध्ये तिथेच गवत दाट आलं,
काळपट हिरवं, हातपाय ओळखू येण्याइतकं.
चुन्याने जमीन गोड होते,
हे मला पाइप धरतानाच ठाऊक होतं.
कटरचं पातं मी दोन बोटं वर घेतलं
आणि त्यांच्यावरून सावकाश फिरवलं.