राखीव, क्रमांक सोळा

कारखान्याच्या जुन्या वहीत रकाने आधीच छापलेले होते:
तारीख, माग क्रमांक, नग, कापलेली मजुरी.
नानांनी नुसते मथळे खोडले
आणि वर लिहिलं: भारत, एकोणीस वर्षांखालील, फुटबॉल.
माग क्रमांकाखाली प्रतिस्पर्धी,
नगांखाली केलेले गोल,
कापलेल्या मजुरीखाली झालेले.

तो रकाना लवकर भरायचा.

सोलापुरात कोण बघतं फुटबॉल?
पार्क मैदानावर क्रिकेटच्या जाळ्यांमागे जी पट्टी उरते
तिथं सकाळी पंधरा पोरं,
आणि एकच चेंडू, त्याची उसवलेली शिवण
अम्मा चादरीच्या दोऱ्यानं घालायची.
पण रातपाळी सुटली की नाना घरी यायच्या आधी
कन्ना चौकातल्या वाचनालयात शिरायचे,
पेपरचं शेवटून दुसरं पान, अगदी तळाशी,
मूळव्याधीच्या जाहिरातीवर दोन ओळी:
कुठल्याशा परक्या शहरात आपली पोरं हरली.
कुणी मारला, कितव्या मिनिटाला, ते पेपर सांगायचा नाही.
तिथं नाना पेन्सिलीनं टिंब द्यायचे.
वहीत टिंबं फार.

एका पानावर मात्र लाल शाई. तीन-एक.
त्या रात्री मागांच्या खडखडाटात सांगणार कुणाला?
नानांनी हात वर करून बोटं दाखवली: तीन, मग एक.
पलीकडच्या सामल मामांना वाटलं, धागे तुटले.
त्यांनी माग थांबवला, वाकून ताणा तपासला,
आणि नाना हसत राहिले, एकटेच,
कापसाच्या तुसानं पांढऱ्या झालेल्या भुवयांखाली.

मग अन्नाला शिबिराचं पत्र आलं.
अम्मानं सूप मांडीवरून खाली ठेवलं नाही.
एवढंच विचारलं, छाट किती काढतात?
ब्रँचवर हजार विड्या नेल्या की
तपासणारा दोन मुठी बाजूला टाकतो, पैसे न देता,
आणि त्या परतही देत नाही.
अन्ना म्हणाला, चाळिसातून तेवीस ठेवतात.
अम्मा म्हणाली, म्हणजे ब्रँच बरी.

तो राहिला तेवीसात.

पान एकशे बारा. प्रतिस्पर्ध्याच्या नावावर चहा सांडलाय.
शून्य-दोन.
खाली, रकाना सोडून, बारीक अक्षरात:
राखीव, क्रमांक सोळा, मुरलीधर राजेशम येमूल. खेळला नाही.
आणि त्याच्याही खाली, अन्नाचा फोन आल्यानंतर,
वेगळ्या पेनानं:
७१ ते ७८, कडेनं धावला. कोच म्हणाले होते, तयार राहा.
मग गोलकीपर पडला, बदली तिथं गेली.

अख्ख्या वहीत टिंब नसलेली तेवढीच नोंद.

अन्ना आता अक्कलकोट रोडला टॉवेल मोजतो, डझनावर.
गुडघा पावसाळ्यात धरतो.
वही कुठं ठेवलीय त्याला माहीत आहे,
म्हणून त्या कपाटातून तो स्वतःचा शर्टही मला काढायला सांगतो.

नानांचे कान मागांनी नेले. वही माझ्याकडे आली.
मोबाईलवर आता सगळं मिळतं,
मी बसून टिंबं भरते: मिनिट, नाव, पिवळं कार्ड.
काल त्या सामन्यापाशी पोचले.
राखीव खेळाडूंच्या यादीत पंधरा आहे,
मग सरळ सतरा.

दोनदा पाहिलं. बोटानं पडदा पुसून पाहिलं.
नानांनी चष्म्यावरून विचारलं, मिळालं?
मी ओरडून काय सांगणार, आणि किती मोठ्यानं.
मी वही त्यांच्या पुढ्यात सरकवली.
त्यांनी पानावर हात सपाट ठेवला,
कापड उतरवल्यावर ठेवायचे तसा, गाठ लागते का बघायला,
आणि दुसरा हात वर केला.
सात. एक.
थांबून पुन्हा सात, आणि आठ.

अम्मानं विचारलं, कसले धागे तुटले?
पंचविसाचा कट्टा बांधला, दोरा दातानं तोडला,
आणि उत्तराची वाट न बघता
पुढचं पान कापायला घेतलं.