शेऱ्याचा रकाना

सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर
सतरा ध्येयांच्या सतरा फायली आहेत
आणि एक अठरावी, जिच्यावर नुसतं ‘इतर’ लिहिलंय.
तिच्यात मागच्या वर्षीच्या चहाची बिलं.

मी अकरा महिन्यांचा माणूस.
बाराव्या महिन्यात काही दिवस
कागदावर मी नसतो, खुर्चीत असतो.
मग पुन्हा रुजू होतो आणि ध्येय क्रमांक आठ भरतो :
सन्मानाचं काम, किती टक्के लोकांना.

नवतपा लागला होता.
टॅबलेट तापून आपोआप बंद पडायचा,
म्हणून ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून,
ताप आलेल्या लेकरासारखा,
मी तो भांडेवाडीच्या मागच्या वस्तीत नेला.
कचऱ्याच्या डोंगरावर धूर, धुरावर घारी.

घर क्रमांक एकशे बारा. फुलवंताबाई उईके.
नळ आहे का?
‘हाय.’
पाणी येतं?
‘येते ना. रात्री दोनले, एक दिवसाआड.
कधी पानी येते, कधी नुसती हवा येते.
हवेचा आवाज मोठा असते जी,
पोट्टी उठून बसते.’
टॅबलेटवर दोनच गोल होते, होय आणि नाही.
हवेसाठी गोल नव्हता.

‘हे काहून लिहून नेता?’
शाश्वत विकासासाठी, मी म्हणालो. दोन हजार तीसपर्यंत.
‘शाश्वत म्हंजे?’
प्रशिक्षणात ऐकलं होतं तेवढं सांगू लागलो,
पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला हात न लावता वगैरे.
तिनं पदरानं तोंड पुसलं.
‘शाश्वत तं मरन असते. आमचे भजनवाले सांगतेत.’
मग तिला माझीच कीव आली असावी.
गुंडातलं पाणी दिलं.
ते कुठल्या रात्रीचं, हे आता मला माहीत होतं.
तरी प्यालो. सगळं प्यालो.

टिकाऊ, मी म्हणालो. टिकाऊ विकास.
‘असं म्हना ना मंग.’
तिनं हात वर केला.
छपरावर आमच्याच कार्यशाळेचं फ्लेक्स ताणलेलं, उलटं.
सतरा रंगांचे चौकोन उन्हानं गाळून
खाली घरभर सांडले होते.
पाण्याचा निळा कुठं पडलाय ते मी शोधलं.
चुलीवर.
‘हे टिकाऊ हाय. दोन पावसाळे गेले, थेंब नाई गळला.
आनखी असन का तुमच्याकडं?
पोट्टीकडची बाजू उघडी हाय.’

सोमवारी आढावा. गार हॉल,
प्रत्येकासमोर हातभर अंतरावर छोटी बाटली,
बहुतेकांनी दोन घोट घेऊन सोडलेली.
पडद्यावर आमचा वॉर्ड हिरवा झाला.
सहारे साहेब माणूस वाईट नाहीत.
बाहेर जिन्यात हळूच म्हणाले,
शेरा कोणी वाचत नाही, पण तू लिही.
साठ अक्षरं मावतात, मोकळ्या जागा धरून.
मी लिहिलं : नळ आहे. रात्री हवा येते. मुलगी जागी होते.
तीन अक्षरांची जागा उरली असती,
पण मी पूर्णविराम मोजले नव्हते.

मग भांडारात गेलो, जुनं फ्लेक्स मागायला.
ढोके भाऊंनी वही उघडली. प्रयोजन?
छप्पर, मी म्हणालो.
त्यांनी लिहिलं, थांबले, खोडलं,
वर लिहिलं : जनजागृती.
सही कर इथं.

जगनाडे चौकात सिग्नल लाल.
स्कूटरवर आडवी गुंडाळी,
जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या गुडघ्यांना लागत होती,
लोक शिव्या देत होते आणि त्यांचं बरोबर होतं.
शेजारच्या ऑटोतला एक पोरगा
मान वाकडी करून बाहेर आलेलं टोक वाचू लागला.
पूर्ण वाक्य आत होतं, कोणीही पासून.
त्याला दिसलं तेवढंच तो मोठ्यानं म्हणाला :
मागे राहू