नये

जूनच्या अखेरीस केंद्रप्रमुख बोलले,
वर्गाचे नियम दर्शनी भागात पाहिजेत.
मी दारव्ह्याहून पिवळा कार्डशीट आणला,
ओळी पट्टीनं आखल्या, स्केचपेनानं लिहिलं:

उशिरा येऊ नये.
घरची बोली वर्गात बोलू नये.
लहान भावंडांना सोबत आणू नये.
खिचडी सांडू नये.
चुकलेल्याला हसू नये.

एकूण आठ होते. बाकीचे तीन
आता मलाही आठवावे लागतात.

अक्षर माझं चांगलं आहे. सगळे 'नये'
उजव्या कडेला एकाखाली एक,
कवायतीला उभे केल्यासारखे.
खिचडीवाल्या गिरजाबाईनं ज्वारीच्या पिठाची खळ करून दिली.
कडेला जरा जास्तच लागली.
पोरांच्या उंचीवर चिकटवला, वाचता यावा म्हणून.

पालकसभा सायंकाळी सहाला ठेवली,
निंदणाच्या बाया सुटल्यावर.
अकरा बाया आल्या, एक बाप.
पायांना चिखल म्हणून व्हरांड्यातच बसले.
मी एकेक नियम वाचून दाखवला, सह्या घेतल्या,
दोन अंगठे.
वनिता उईके उठली पदराला हात पुसत,
"हे समदे पोरायले झाले, गुर्जी.
तुमच्यासाठी कोन्ता हाय?"
बाया हसल्या. मीही हसलो.
लिहू की, म्हणालो.
खाली नऊ आकडा टाकला
आणि पुढं कोरं ठेवलं.

मग पोळा, तान्हा पोळा, त्याला लागून रविवार,
आणि सोमवारी माझी बस चुकली.
वर्गाच्या दाराची कडी नीट बसत नाही,
प्रस्ताव पाठवलेला आहे.

मंगळवारी पोचलो तर गेडामांची भुरी शेळी
वर्गातून बाहेर येत होती,
तपासणी उरकलेल्या साहेबासारखी, तोंड हलवत.
तक्त्याची उजवी कड खळीसकट साफ.
आणि तिसरीची पोरं समोर उभी राहून
एका सुरात वाचत होती:

उशिरा येऊ.
घरची बोली वर्गात बोलू.
लहान भावंडांना सोबत आणू.
खिचडी सांडू.

मी दारातच थांबलो. रागवायचं होतं.
पण जुलैपासून या वर्गात
मी एकटाच बोलत होतो,
आणि हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

मला पाहून पोरं गप्प झाली. मी खडू घेतला,
फळ्यावर 'पाणी' लिहिलं, घरी काय म्हणता विचारलं.
कोणी बोलेना.
मग आचल टेकाम, जिचा आवाज
हजेरीच्या 'हो'पुढं कधी गेला नव्हता,
बाकाखाली बघत म्हणाली, "येर."
मागून प्रज्योत फिस्सकन हसला.

तेव्हा मी लाल स्केचपेन काढला,
शेळीनं खाल्लेल्या जागी, थेट भिंतीवर,
एकच 'नये' परत लिहिला, पाचव्या ओळीला.
बाकीचे राहू दिले भुरीच्या पोटात.

आता आचल तिच्या भावाला आणते.
तो दप्तरांच्या ढिगावर झोपतो.
हजेरीपटावर त्याला रकाना नाही.
खिचडी सांडते, हे खरं आहे.
चिमण्या येतात.

केंद्रप्रमुख येतील तेव्हा काय सांगायचं,
ठरवलेलं नाही.

परवा खाली वाकून पाहिलं.
नऊच्या पुढं कोणीतरी पेन्सिलीनं,
गुडघ्यावर बसून लिहावं तसं तिरपं,
लिहून ठेवलंय:
"गुर्जीनं सोमवारीबी याव"

शेवटचा अनुस्वार राहिला आहे,
पूर्णविरामही.
मी दुरुस्त केलं नाही.

दारव्ह्याहून पहिली बस
सहा दहाला सुटते.